परक्या कथेतला मुक्काम

कथा संपली, पुस्तक मिटले, की लेखक आणि वाचक यांच्यातला व्यवहार पुरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. छापील पुस्तकाने ती आपल्याला दिली आहे. किंमत मोजावी, मजकूर वाचावा, जमल्यास मत बनवावे. याहून अधिक काही वाचकाने केले तर तो आगाऊपणा ठरतो. पण ज्याला पुस्तक मिटवत नाही असा वाचक प्रत्येक काळात असतो. एखादे दुय्यम पात्र दोन ओळींपुरते येऊन गेलेले असते, त्याचे पुढे काय झाले हे लेखकाने सांगितलेले नसते, आणि ते न सांगणे या वाचकाला रात्रभर छळते. शेवटी तो स्वतःच लिहायला बसतो. जग दुसऱ्याचे, माणसे दुसऱ्याची. प्रसंग तेवढा त्याचा.

इंग्रजीत या लेखनाला 'फॅन फिक्शन' म्हणतात. मराठीत 'चाहताकथा' म्हणता येईल. शब्द थोडा ओबडधोबड आहे, पण त्यात चाहणे आहे, आणि तेच येथे महत्त्वाचे. 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले. अशा अंकांतून वाढलेली ही परंपरा इंटरनेट आल्यावर घरोघरी पोचली. २००७ साली चाहत्यांनीच एक ना-नफा संस्था स्थापन केली. तिने २००९ साली खुल्या केलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथेच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. आज वाङ्मयाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी कधीतरी रात्री अशा एखाद्या संग्रहात शिरतो. आपल्याला छळणारा प्रश्न जगात आणखी शेकडो जणांना छळत होता, हे त्याला प्रथमच कळते. तो आधी नुसता वाचतो. मग कुणाच्या कथेखाली चार ओळींचा अभिप्राय लिहितो. मग टोपणनाव घेऊन स्वतःची कथा ठेवतो. वाचनासारख्या एकाकी कर्माला अचानक पंगत लाभते. त्या आनंदाची टिंगल करण्याचे मला काही कारण दिसत नाही.

नैतिक प्रश्न त्यानंतर उभा राहतो. दुसऱ्याने घडवलेल्या माणसांना आपण बोलते करतो तेव्हा आपण त्याची सेवा करतो की त्याच्या घरात शिरतो? कायद्याने याला काही उत्तरे दिली आहेत. ती देशोदेशी वेगळी आहेत आणि मुदतीने बांधलेली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ठराविक वर्षे उलटली की जे कृत्य निर्दोष ठरते, ते आदल्या दिवशी नेमके कशाने सदोष होते, हे कायदा सांगू शकत नाही. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली होती. रूपक मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताचे. जेन्किन्सनी ते सहानुभूतीनेच वापरले. तरी त्यात रान जमीनदाराचेच राहते आणि वाचक कुंपणाखालून सरपटत जातो. आपल्याकडच्या अनुभवाला हे रूपक नीटसे बसत नाही. बसेल असे एक स्थळ मला दक्षिणेत दिसते.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी येथे मुक्तांबा हिच्या नावाने छत्र बांधले. तमिळ मुलखात तिला मुक्तांबाळ म्हणतात. ती राजाची विवाहित राणी नव्हती, प्रेयसी होती. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरकरांची अशी अनेक छत्रे होती आणि बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे होती. त्या मालिकेत हे नाव थोडे वेगळे उठून दिसते. या छत्राला शाळा जोडलेली होती. सरफोजींनी तेथे देशी भाषांबरोबर इंग्रजीच्या अध्यापनाचीही सोय केली होती.

१७९९ सालच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाची सत्ता किल्ल्यापुरती उरली. छत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रांत काय चालते, याचे वर्णन त्यात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो वाटसरू येईल त्याला अन्न मिळे. ज्याला शिजवलेले चालत नसे त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, असा पुकारा होई. शिध्यामागे सोवळ्याओवळ्याचा हिशोब होता हे विसरून चालणार नाही. त्या व्यवस्थेला आज आदर्श म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. पण 'शिजवलेले अन्न' आणि 'शिधा' हा भेद माझ्या प्रश्नाच्या फार कामाचा आहे.

काही कथा आपल्याला शिजवून मिळतात. त्या जशा आहेत तशा खाव्या लागतात. त्यांत मीठ घालायला गेले तर त्या बिघडतात. काही कथा शिध्यासारख्या असतात. महाभारत हा असा अक्षय शिधा आहे. भासाने त्यातून आपला दुर्योधन शिजवला. मराठीत १९६७ साली शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' लिहिली. तिथे कर्ण, कुंती, दुर्योधन आणि कृष्ण यांच्याबरोबरच वृषाली आणि शोण यांनाही स्वतःच्या तोंडाने बोलायला लावले. शोण! व्यासांच्या विशाल पटावर ज्याच्याकडे आपले लक्षही जात नाही, असा एक भाऊ. आजचा चाहता एखाद्या मालिकेतल्या पहारेकऱ्याला कथानायक करतो तेव्हा तो याच जातीचे काम करत असतो, हे वर्गात सांगितले तर विद्यार्थी हसतात आणि अध्यापक दचकतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) कच परत येतो. महाभारतातला कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकी गेला तो गेलाच. खांडेकरांना त्याची गरज होती. भोगाच्या कथेला समोर उभा राहणारा माणूस हवा होता. त्यांनी तो मूळ कथेतूनच उचलला आणि त्याचे आयुष्य वाढवले. या कादंबरीला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिला कुणी चोरी म्हटले नाही.

म्हणून जग उसने घेणे हा मुळात दोष नव्हे, एवढे मानायला हरकत नसावी. दोष असेल तर तो दुसरीकडे शोधला पाहिजे. या बाबतीत आपल्या परंपरेने एक कडक आणि एक मऊ असे दोन निवाडे दिले आहेत. गंमत अशी, की दोन्ही एकाच माणसाभोवती आहेत.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या काळी तिच्यात हौशी भक्तांच्या ओव्या मिसळल्या होत्या. त्यांना द्वेष नव्हता, प्रेमच होते. आपल्या मनातला भाव ज्ञानदेवांच्या मुखातून यावा असे त्यांना वाटले असणार. नाथांनी संशोधनाच्या शेवटी बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. निवाडा स्पष्ट आहे. चाहत्याचे प्रेम हे समर्थन होऊ शकत नाही. आता दुसरी बाजू पाहा. नाथांचे स्वतःचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले. पुढचे सारे त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केले आणि तेही गुरूच्या नाममुद्रेने. नरोटीचा दृष्टांत देणाऱ्या पुरुषाच्या ग्रंथाला शिष्याने शेवट जोडला, आणि मराठी माणसाने तो श्रद्धेने वाचला.

यात विसंगती आहे का? मला वाटते, नाही. गावबाचे काम कोठे सुरू होते हे परंपरेला ठाऊक आहे. चव्वेचाळीस हा आकडा आपण विसरलेलो नाही. ज्ञानेश्वरीतल्या त्या अनाम ओव्या मात्र कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे वाचणाऱ्याला कळत नव्हते. खऱ्या ओवीच्या शेजारी त्या खऱ्या असल्यासारख्या बसल्या होत्या. गावबाचा सांधा दिसतो, त्यांचा बुजवलेला होता. उद्या गावबाची आठवण पुसली गेली तर त्याचे निर्मळ कामही त्याच पंक्तीत जाऊन बसेल, आणि त्याचा त्यात काडीचा दोष नसेल.

सांधा दाखवणे म्हणजे जोड फेकून देणे नव्हे, हेही सांगायला हवे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिचा पाया घातला आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. दाक्षिणात्य पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काम तंजावरच्या सरस्वती महालातही चालले होते. त्या ग्रंथालयाला आजचे वैभव आले ते याच सरफोजींमुळे. या आवृत्तीने मुख्य संहितेत काय ठेवले याची चर्चा पुष्कळ होते. मला तिचा खालचा भाग अधिक थोर वाटतो. जे मूळचे ठरले नाही ते रेघेखाली आले, किंवा परिशिष्टात गेले, पण नष्ट झाले नाही. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहीत आहे, हे ज्या चित्रावाचून मराठी घरात महाभारत सुरूच होत नाही, ते परिशिष्टात आहे. कुणा अज्ञात चाहत्याने ते घातले. लेखनाच्या देवतेलाच त्याने लेखनिक करून टाकले. त्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्याची कथा आता कोणाच्या ताटात आहे हे कळले आहे, आणि ती गोड लागायची राहिलेली नाही.

याच तंजावरात हा सांधा दगडातही दिसतो. राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर १८०३ साली सरफोजींनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले. दुसऱ्याच्या महाकाव्यात आपले प्रकरण घालण्याचा याहून मोठा प्रकार सुचणे कठीण. पण जवळच चोळांचे तमिळ लेख जागच्या जागी आहेत. हा लेख आपल्या भाषेत आहे आणि आपल्या शकाची तिथी सांगतो. राज्य गमावलेल्या राजाने स्वतःची कथा इतक्या भव्य पानावर लिहावी, यात एक करुण अहंकार आहे, हे खरे. पण पाहणाऱ्याची फसवणूक नाही.

मूळ लेखक जिवंत असतो तेव्हा हा प्रश्न अधिक टोचतो. सेर्वान्तेसच्या 'दोन किहोते'चा दुसरा भाग तयार होण्याआधीच १६१४ साली आव्हेयानेदा या टोपणनावाने कुणी तरी तो छापला, आणि प्रस्तावनेत सेर्वान्तेसच्या म्हातारपणाची कुचेष्टाही केली. सेर्वान्तेसचा स्वतःचा भाग १६१५ साली आला. त्यात दोन किहोतेला एका खाणावळीत हे तोतये पुस्तक भेटते, आणि ते खोटे ठरावे म्हणून तो सारागोसाची वाट सोडून बार्सिलोनाकडे वळतो. पुढे सेर्वान्तेस आणखी एक पाऊल टाकतो. आव्हेयानेदाने निर्माण केलेले दोन आल्व्हारो तार्फे हे पात्र तो आपल्या पुस्तकात आणतो आणि खरा किहोते हाच, असे त्याच्याकडून अधिकाऱ्यासमोर वदवून घेतो. ज्याचे लुटले गेले तोही लुटणाऱ्याच्या शिध्यातून एक मूठ घेतो! या प्रकरणात सेर्वान्तेसचा संताप खरा होता. पण त्याची नेमकी जखम कोणती? माझ्या मते, किहोते दुसऱ्याने लिहिला ही नव्हे. 'दुसरा भाग' म्हणून लिहिला, ही. पाहुण्याने घरमालकाच्या दारावर आपली पाटी लावली होती.

आजच्या चाहत्यांच्या मंडळींनी या बाबतीत कुणी न शिकवता जे दंडक पाडले ते पाहून मला आश्चर्य वाटते. ही माणसे माझी नाहीत, असे कथेच्या माथ्यावर लिहायचे. आत काय आहे, कुणाला काय सोसणार नाही, याची आगाऊ सूचना द्यायची. प्रसिद्ध करण्यापूर्वी दुसऱ्या चाहत्याकडून कथा तपासून घ्यायची आणि त्याचे ऋण मांडायचे. आणि सर्वांत मोठा दंडक म्हणजे विकायचे नाही. छत्रात जेवावे, हवे तर पंगतीला वाढावे. तेथले अन्न बांधून नेऊन बाजारात मांडू नये. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' (२०११) ही प्रचंड खपाची कादंबरी मुळात 'ट्वायलाइट' या कादंबरीमालेची चाहताकथा होती. पात्रांची नावे बदलून ती विक्रीला आली. कायद्याला त्यात वावगे दिसले नाही. अनेक चाहत्यांना मात्र दिसले, आणि मला त्यांची बाजू समजते. ती कथा पंगतीत वाढली होती, अनेकांनी फुकट वेळ देऊन तिला अभिप्राय दिले होते. नावे बदलताना 'ट्वायलाइट'शी असलेला सांधा बुजला, आणि त्याबरोबर या माणसांचा हातभारही पुसला गेला.

अर्थात पंगतीचे दोषही पंगतीबरोबर येतात. एकच पदार्थ सर्वांना आवडतो, मग तोच रोज शिजतो. ज्याची कथा जनमताला रुचत नाही त्याला टोपणनावांच्या आडून बोचकारले जाते. प्रेमाच्या नावाखाली मूळ लेखकालाच 'तुम्ही तुमचे पात्र चुकीचे लिहिले' असे दरडावणारेही निघतात. आमच्या कीर्तनाच्या श्रोत्यांतही असे लोक असत; आख्यानात बुवाने एखादा प्रसंग गाळला की मध्येच उठून तो सांगणारे. तरीही त्या श्रोतृवर्गावाचून आख्यान जगले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकार तंजावरला गेले, आणि तेथल्या तमिळ भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी ही आमची वृत्ते आपल्या हरिकथेत बसवून घेतली. आज तमिळ हरिकथेत साकी ऐकताना ती आपल्याकडून नेली म्हणून कुणा मराठी माणसाला राग येत असेल, असे वाटत नाही.

येथवर पात्रे कल्पित होती, किंवा पुराणातली. जी माणसे खरोखर जगली त्यांचे काय? तमिळमध्ये 'कुरवंजी' हा नृत्यनाट्याचा एक प्रकार आहे. नायिका एका थोर पुरुषावर भाळते. मग हात पाहून भविष्य सांगणारी कुरवंजी, म्हणजे रानातल्या कुरव जमातीची स्त्री, येते आणि तिला धीर देते. सरफोजींनी हा साचा घेऊन मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली. तीत ही स्त्री इंद्राणीपुढे पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन करते. ठरलेले भविष्य सांगणाऱ्या बाईला राजाने भूगोल शिकवायला बसवले. चाहत्याच्या बुद्धीचा इतका प्रसन्न नमुना आमच्या जुन्या नाटकांत क्वचितच सापडेल. पण कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर या कवीने 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' लिहिली आणि तीत ज्याच्यावर नायिका भाळते तो पुरुष म्हणून जिवंत सरफोजीच घातला. बृहदीश्वराच्या उत्सवात ती नाचली जात असे. राजाने शिधा नेला, आणि कवीने राजालाच शिधा केले.

राजाला त्याचा त्रास होण्याचे कारण नव्हते. स्तुती होती, आणि गप्प करायची झाली तर तशी सत्ताही त्याच्याकडे होती. ज्याच्याकडे ती नाही, अशा माणसाच्या बाबतीत मात्र हात आखडावा लागतो. वृषाली काय म्हणाली हे सावंतांनी ठरवले तर कुणा वृषालीवर अन्याय होत नाही. मुक्तांबा होती. तिला भूक लागत असे, ताप येत असे. ती तरुणपणी वारली आणि आपल्या नावाने छत्र व्हावे अशी इच्छा तिने मरताना राजापाशी व्यक्त केली, असे तंजावरची परंपरा सांगते. त्या एका वाक्याभोवती कादंबरी रचण्याचा मोह कुणालाही व्हावा. विवाहबाह्य प्रेम, हातून निसटलेले राज्य, शाळेत इंग्रजी घोकणारी मुले: शिधा तयारच आहे.

मी तो मोह वाईट म्हणणार नाही. तिच्याविषयी कुणी काही लिहिलेच नाही तर ती एका इमारतीवरचे नाव होऊन राहील, आणि तेही एक प्रकारे अन्यायाचेच. पण शोणाच्या बाबतीत जी सवलत मला सहज मिळते ती येथे मिळत नाही. शोणाचा सांधा बुजला तर ज्याला मूळ पाहायचे आहे त्याला महाभारत आहे. मुक्तांबेचा बुजला तर पाहायला जाणार कोठे? दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी माझ्या कादंबरीतले तिचे वाक्य तिचेच म्हणून प्रबंधात उद्धृत करील; रामशास्त्र्यांच्या आणि आनंदीबाईंच्या तोंडी नाटककारांनी घातलेली वाक्ये आपण इतिहास म्हणून घोकली आहेतच. तेव्हा तिच्यावर ज्याला लिहायचे आहे त्याने चाहत्यांच्या मंडळीतला तो साधा दंडक उचलावा, आणि कथेच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहावे, की हे बोलणे माझे आहे, तिचे नव्हे. मग तिला हवे तितके बोलू द्यावे. मरणाच्या प्रसंगी मात्र, परंपरेने तिच्या पदरात घातलेली ती एकच इच्छा आहे तेवढी ठेवून, पुढचे पान कोरे सोडायला मी त्याला सुचवीन. तो ऐकेलच असे नाही.